वीज परत कुठून जाते?

डिसेंबरातली सकाळ. लासलगावच्या बाजार समितीत आमची पिकअप लाल कांद्यानं भरून रांगेत उभी होती. लाल कांद्याला उन्हाळ कांद्यासारखी चाळ सोसत नाही, काढला की विकावाच लागतो. यांना ताप होता, म्हणून मीच गाडी घेऊन आले होते. चालवायला शिकून दीड वर्ष झालं होतं, पण बॉनेट मी एकदाही उघडलं नव्हतं. लिलाव गाडीमागून गाडी करत आमच्यापर्यंत आला, भाव झाला, चिठ्ठी हातात पडली. आता गाडी काट्यावर न्यायची आणि मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल ओतायचा. मी किल्ली फिरवली. ‘टक्’ असा एकच आवाज आला आणि गाडी गप्प. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. मागच्या ट्रॅक्टरांनी हॉर्न लावले. शेवटी आठ-नऊ जण धक्का द्यायला लागले. एक आजोबा खिडकीजवळून धावत ओरडत होते, “दुसऱ्याला टाक पोरी, आणि क्लच एकदम सोड!” दोन वेळा मी क्लच हळू सोडला, तिसऱ्यांदा जमलं. त्यानंतर काट्यावर, खळ्यावर, पार घरी येईपर्यंत मी इंजिन बंद केलं नाही. बंद केलं तर परत चालू कसं करायचं, हे मला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी धाकट्या दिरांना फोन लावला. ते चाकणला एका कारखान्यात आहेत. त्यांचा पहिला प्रश्न, “वहिनी, इंजिन फिरतं का?”

“अहो भाऊजी, चालूच होत नाही.”

“चालू होतं का ते नाही विचारलं. फिरतं का?”

मला या दोन्हींतला फरकच माहीत नव्हता. त्यांनी न चिडता सांगितला. किल्ली मारल्यावर घर्रर्र घर्रर्र असं फिरत राहतं पण पेट घेत नाही, तर खोट डिझेलची, हवेची किंवा हीटर प्लगची. आणि फिरतच नाही, तर बॅटरी, तारा नाहीतर सेल्फ. मी मात्र निफाडच्या थंडीला दोष देत होते आणि डॅशबोर्डवरचा वेटोळ्याच्या चित्राचा पिवळा दिवा विझेपर्यंत इमानेइतबारे थांबत होते. तो दिवा हीटर प्लगचा. थंड इंजिन पेटायला तो मदत करतो, फिरायला नाही.

मग त्यांनी हेडलाईट लावून सेल्फ मारायला सांगितलं आणि कुणाला तरी समोर उभं करायला सांगितलं. मुलगी उभी राहिली. “आई, दिवे जवळजवळ तसेच आहेत!” ती ओरडली. भाऊजी म्हणाले, म्हणजे बॅटरी ठीक आहे. सेल्फ खरंच वीज ओढू लागला तर दिवे मंदावतात, आणि बॅटरी उतरलेली असेल तर पार काजव्यासारखे होतात. तेव्हा सोबत टकटकटकटक असा आवाजही येतो. इथं वीज ओढलीच जात नव्हती. “सेल्फचे कार्बन गेले असणार, वहिनी.” मी ‘हो’ म्हटलं आणि फोन ठेवून मुलीला विचारलं, की कार्बन म्हणजे नक्की काय गं?

आबा, म्हणजे माझे सासरे, ओट्यावरून हे सगळं ऐकत होते. त्यांना कार्बन ठाऊक नव्हते, पण डिझेलचं इंजिन फिरवायला किती जोर लागतो ते त्यांच्या खांद्याला ठाऊक होतं. विहिरीवरचं इंजिन त्यांनी वीस वर्षं हँडलनं चालू केलं. वरची छोटी कडी उचलायची, म्हणजे आतला दाब सुटतो. मग हँडल जोरात फिरवायचं, चाकानं वेग घेतला की कडी सोडायची. कडी न उचलता फिरवून बघितलं तर भलाभला गडी हँडलला लोंबकळायचा. आणि अंगठा हँडलभोवती गुंडाळायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा, कारण इंजिनानं उलटं मारलं तर मनगट मोडतं. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते. डिझेलमध्ये ठिणगी नाही. हवा सोळा ते बावीस पट दाबली जाते, त्या दाबानं ती ५०० अंशांच्या वर तापते आणि तिच्यात डिझेल फवारलं की आपोआप पेटतं. पेट्रोलला साधारण दहा पट दाब पुरतो. म्हणून डिझेल गाडीचा सेल्फ मोठा, बॅटरी मोठी आणि तारा अंगठ्याएवढ्या जाड.

सेल्फ हे नावही मला तेव्हाच उमगलं. चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा सेल्फ-स्टार्टर १९१२ साली कॅडिलॅकच्या गाड्यांत आला आणि हँडल मारायला लागणारा माणूस मोकळा झाला. इंजिन स्वतःच स्वतःला फिरवतं, म्हणून सेल्फ. आपल्याकडच्या गॅरेजांनी पुढचा ‘स्टार्टर’ गाळला आणि ‘सेल्फ’ तेवढा ठेवला. आबांचा खांदा जे करायचा, ते आता हे यंत्र करत होतं. त्या रात्री मला त्या न बघितलेल्या वस्तूबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.

भाऊजींनी बॅटरी ठीक म्हटलं होतं, तरी दुसऱ्या दिवशी मी खात्रीसाठी ती काढून दाखवायला न्यायचं ठरवलं. दहा नंबरचा पाना घेतला आणि समोर दिसला म्हणून पॉझिटिव्हचा नट आधी सैल करायला घेतला. पान्याचं दुसरं टोक गाडीच्या पत्र्याला टेकलं. फाट्कन निळी ठिणगी उडाली आणि पान्याच्या कडेचा कपचा वितळून गेला. मी मागे उडी मारली. सगळा पत्रा बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. आधी निगेटिव्ह काढायचा, लावताना तो शेवटी लावायचा. निगेटिव्ह सुटला की पाना पत्र्याला टेकला तरी काही होत नाही. माझे हात बराच वेळ थरथरत होते.

पिंपळगाव बसवंतच्या रस्त्याला एक चाचा आहेत, चाळीस वर्षं फक्त गाड्यांच्या विजेचं काम करतात. पुन्हा धक्का देऊन गाडी त्यांच्याकडे नेली. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. “बेटी, हातातलं कडं काढ. मंगळसूत्र आत टाक. बॅटरीवर वाकायचं तर गळ्यात काही लोंबता कामा नये.” काचेच्या बांगड्यांना त्यांची हरकत नव्हती, त्यांतून वीज जात नाही. मग ते गाडीखाली गेले आणि छोट्या हातोडीनं सेल्फच्या अंगावर हलकेच दोनदा टकटक केलं. “मार आता.” मी किल्ली फिरवली आणि गाडी चालू झाली. मी थक्क. चाचा खालूनच म्हणाले, “खूश होऊ नको. कार्बन संपलेत. ठोकल्यावर जरा सरकून टेकले, उद्या परत अडतील.”

सेल्फ उतरवून त्यांनी गोणपाटावर खोलला आणि मी शेजारी बसले. आर्मेचर म्हणजे तांब्याच्या तारा गुंडाळलेला दांडा, मला तर तो ताकाच्या रवीसारखा दिसला. कार्बन म्हणजे त्या फिरत्या दांड्याला वीज पोचवणारे चार चौकोनी ठोकळे, मागून स्प्रिंगनं दाबलेले, पाटीवरच्या पेन्सिलीसारखे झिजणारे. आमचे दोन पार नखाएवढे उरले होते. सोलेनॉइड हा वरच्या अंगाचा लहान डबा. किल्लीकडून येणाऱ्या बारीक तारेची वीज मिळाली की तो आतला लोखंडी दट्ट्या ओढतो आणि एका ओढीत दोन कामं करतो. दातेरी चाक पुढे ढकलून इंजिनाच्या मोठ्या चाकात अडकवतो आणि जाड तारेचा रस्ता जोडून देतो. मी ऐकलेला ‘टक्’ तोच. म्हणजे किल्ली आणि बारीक तार दोन्ही ठीक होत्या! ते दातेरी चाक म्हणजे बेंडिक्स. सायकलच्या फ्रीव्हीलसारखं ते एकाच अंगानं जोर लावतं. ते दहा-पंधरा वेळा फिरतं तेव्हा इंजिनाचं चाक एकदा फिरतं. बेंडिक्स घसरायला लागला तर सेल्फ सुंईईई करत एकटाच फिरतो आणि इंजिन हलत नाही. तासाभरापूर्वी माझ्यासाठी ‘गाडी चालू होत नाही’ हा एकच आजार होता. आता त्याचे चार आवाज मला वेगळे सांगता येत होते.

नवे कार्बन, नवे बुश, सेल्फ परत बसवला. गाडी पहिल्या झटक्यात चालू. मी घरी जाताना पेढे घेऊन गेले.

नवव्या दिवशी पहाटे पुन्हा ‘टक्’. मी गाडीखाली शिरून चाचांसारखं हातोडीनं ठोकलं. काही झालं नाही. जोरात ठोकलं, तरी नाही. चिडून पाच-सहा वेळा सेल्फ मारला आणि तेव्हा कसलासा रबर जळल्याचा वास आला. बॉनेट उघडून वासामागे नाक नेलं. ॲक्सिलरेटरच्या केबलला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. इंजिन थंडगार, बाहेर हिवाळ्याची पहाट आणि ही एक केबल तापलेली. ज्या केबलचा विजेशी काहीच संबंध नाही, ती का तापावी? काही उलगडेना. फोनवर चाचांना सेल्फबद्दल सगळं सांगितलं, केबलचं मात्र सांगितलं नाही. असलं काही सांगितलं तर त्यांना हसू येईल असं वाटलं.

चाचा दुपारी मोटरसायकलवर आले, सोबत मल्टीमीटर. मी उत्साहानं विचारलं, सेल्फ किती अँपिअर ओढतो ते मोजूया का? त्यांनी मीटर माझ्या हातातून काढून घेतलं. “हा मीटर दहा अँपिअरचा. डिझेलचा सेल्फ दोनशे-तीनशे ओढतो. मीटर जळेल. आपण व्होल्ट बघायचे.” बॅटरी नुसती उभी असताना १२.६ दाखवत होती, म्हणजे भरलेली. मी सेल्फ मारत होते आणि चाचा आकडे सांगत होते, मुलगी वहीत लिहीत होती. सेल्फ मारताना बॅटरीच्या दोन खुंट्यांवर ११.८. चांगल्या अवस्थेत ती दहाच्या आसपास उतरायला हवी, खूप कमी झाली तर बॅटरी संशयित. मग एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर, दुसरं सेल्फच्या जाड बोल्टवर: ०.२. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर तार चांगली. मला हे उमजायला वेळ लागला. एकाच तारेची दोन टोकं मोजायची आणि आकडा जितका शून्याजवळ तितका रस्ता मोकळा. आकडा म्हणजे वाटेत गळालेले व्होल्ट.

मला वाटलं मोजणं संपलं. चाचा थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “वीज सेल्फपर्यंत गेली. परत कुठून येते?”

मी कधी हा विचारच केला नव्हता. विहिरीवरून पाणी येतं, वाफ्यात मुरतं, संपतं, तशीच वीजही सेल्फमध्ये जाऊन संपते असंच मी धरून चालले होते. पण ती जेवढी जाते तेवढीच बॅटरीकडे परत यावी लागते. सेल्फचं अंग इंजिनाला कसलेलं, म्हणून ती आधी इंजिनात उतरते. इंजिन मात्र रबराच्या माऊंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिनापासून चासीपर्यंत तांब्याची विणलेली पट्टी असते, तिला अर्थिंग म्हणतात. चाचांनी एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर ठेवलं, दुसरं सेल्फच्या अंगावर. मी किल्ली फिरवली. ६.९.

मुलीनं वहीत वजाबाकी केली. ११.८ मधून ०.२ गेले, ६.९ गेले, उरले ४.७. बारा व्होल्टच्या सेल्फला पाचसुद्धा मिळत नव्हते. दट्ट्या ओढायला तेवढे कसेबसे पुरत होते, इंजिन फिरवायला नाही. म्हणूनच दिवेही मंदावत नव्हते. वाटच बुजलेली, तर वीज ओढली जाणार कशी?

तेव्हा मला केबल आठवली आणि मी भीतभीत सांगितली. चाचांनी कपाळाला हात लावला. “हे आधी का नाही बोललीस, बेटी? वीज त्या केबलमधून परत जात होती. तिला दुसरी वाट नव्हती.” चाचा हसले नाहीत. ती एक गोष्ट सकाळीच सांगितली असती तर मीटर बाहेर काढायची गरजही पडली नसती.

पट्टी गिअरबॉक्सच्या बाजूला, सेल्फच्याच एका बोल्टखाली होती. हात लावला तशी ती तुटून खाली आली. कळकून हिरवी झालेली, आतले चार-पाच धागे तेवढे शाबूत. त्या गाडीतून आम्ही खताच्या गोण्या आणतो आणि नंतर पाईपनं धुतो, ते सगळं पाणी तिथूनच खाली गळतं. सेल्फ उतरवून परत बसवताना तोच बोल्ट आवळला गेला आणि म्हणून आठ दिवस गाडी बरी चालली. “त्या दिवशीच मी बघायला पाहिजे होतं,” चाचा म्हणाले. “चूक माझी.” कार्बन खरंच संपले होते, त्यामुळे ते काम वाया गेलं नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मजुरी घेतली नाहीच.

नवी पट्टी मी बसवली. निगेटिव्ह आधी सोडला. चासीवरचा रंग आणि गंज पॉलिश पेपरनं घासून लोखंड चकचकीत केलं, कारण रंगावर बोल्ट कितीही आवळला तरी वीज जात नाही. घासून, आवळून झाल्यावर वरून ग्रीस लावलं. मग दिवे लावून किल्ली फिरवली. दिवे मंदावले, इंजिन घुमलं आणि पेटलं. मुलगी समोरून ओरडली, “आई, दिवे कमी झाले!” इतका आनंद मला कांद्याच्या भावानंही कधी झाला नव्हता. अर्थिंगचा आकडा ०.२ आला.

चाचा मीटर विसरून गेले होते. तो हातात होता आणि अंगणात आमचा ट्रॅक्टर उभा होता, ज्याचा सेल्फ सकाळी जरा जड फिरतो आणि त्याला सगळे म्हातारपण म्हणतात. एक टोक निगेटिव्ह खुंटीवर, एक सेल्फच्या अंगावर. आबांनी किल्ली मारली. ०.९. मी पाना आणि पॉलिश पेपर आणायला घरात गेले.