छिद्रे लहान, काळजी चार आठवड्यांची

आमच्या आईचे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे ऑपरेशन दुर्बिणीतून झाले. पोटावर चार-पाच बारीक छिद्रे, बस्स! सहाव्या दिवशी ती कासारसाईला घरी आली. आम्हाला वाटले, सुटलो. आम्ही तिला खाटेवरून उठू देत नव्हतो. पाण्याचा तांब्याही हातात द्यायचो. यालाच आम्ही सेवा समजत होतो.

कागदावर पोटात टोचायची इंजेक्शने लिहिली होती, ऑपरेशनपासून २८ दिवस. ती कशासाठी, हे कोणी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. दुखण्याची असतील, आता दुखत नाही, शिवाय महाग, म्हणून दहाव्या दिवशी बंद केली.

पंधराव्या दिवशी आईची डावी पोटरी सुजली, गरम लागू लागली. वहिनी कोमट तेल घेऊन चोळायला बसल्या. तेवढ्यात आशाताई आल्या. "वहिनी, चोळू नका! आधी गाडी बघा!" सोनोग्राफीत शिरेत रक्ताची गुठळी निघाली. अशी गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर माणूस दगावू शकतो.

डॉक्टरांनी मग नीट समजावले. कॅन्सरमुळे रक्त लवकर गोठते. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात वायू भरतात, त्याच्या दाबाने पायांतले रक्त वर जाताना अडखळते. त्यात माणूस पडून राहिला की पोटऱ्यांची हालचाल थांबते. म्हणजे आमची सेवाच आईच्या मुळावर आली होती!

इटलीत २०२२ साली आतड्याच्या कॅन्सरच्या अशाच रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचे औषध आठवड्यानंतर थांबले, त्यांच्यात शंभरी जवळजवळ चौघांना गुठळीचा त्रास झाला. २८ दिवस औषध घेणाऱ्यांत शंभरी एकाला.

बंधूभगिनींनो, घरी सोडताना डॉक्टरांना विचाराच, "रक्त गोठू नये म्हणून काय द्यायचे? किती दिवस?" या औषधाने रक्तस्रावही होऊ शकतो, म्हणून ते मनाने घेऊ नये, मनाने थांबवूही नये. रुग्णाला रोज थोडे थोडे चालवा. एक पाय सुजला तर चोळू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. एकाएकी दम लागला, छातीत दुखले, तर लगेच १०८ ला फोन करा.

पुढे कित्येक महिने आईला गोळ्या घ्याव्या लागल्या. आता ती रोज संध्याकाळी धरणाच्या रस्त्याने चालून येते. तांब्या तिचा तीच भरते. आम्ही आडवे येत नाही.