छोट्या नेटवर्कच्या बाजूने

माणूस चालतोय, बसलाय की जिना चढतोय, हे मनगटावरच्या यंत्राने ओळखायचं असेल तर त्यामागचं न्यूरल नेटवर्क जितकं मोठं तितकं चांगलं, असं माझं कित्येक वर्षं पक्कं मत होतं. इवल्याशा चिपमध्ये मावणारं नेटवर्क म्हणजे नाइलाजाची तडजोड. बॅटरी आणि किंमत आड येते म्हणून पत्करायची, एवढंच. आज मी नेमकं उलट बोलतो. माझ्या हाताखाली प्रोजेक्ट केलेले जुने विद्यार्थी भेटले की म्हणतात, "सर, थर वाढवा असं तर तुम्हीच सांगायचात." त्यांना या बदलाचा हिशेब द्यायलाच हवा.

2016 साली ऑर्डोन्येझ आणि रॉगेन या संशोधकांनी ‘डीपकॉन्व्हएलएसटीएम’ ही रचना मांडली. कन्व्होल्यूशनचे चार थर आणि त्यांवर मागचं लक्षात ठेवणारे एलएसटीएमचे दोन थर. त्याआधी बहुतेकदा सेन्सरच्या आकड्यांतून सरासरी, चढउतार, वारंवारता असे गुण हाताने निवडून काढावे लागत. आता कच्चे आकडे द्यायचे आणि बाकीचं नेटवर्कने शिकायचं. मी भारावून गेलो होतो, आणि त्या रचनेबद्दलचा आदर आजही कमी झालेला नाही. पण त्यातून मी काढलेला अर्थ, म्हणजे आणखी खोल गेलं की आणखी कळेल, तो काही टिकला नाही.

तो पहिल्यांदा डळमळला ‘बसणं’ आणि ‘उभं राहणं’ यांच्यापाशी. इटलीतल्या जेनोआ विद्यापीठाने जमवलेला प्रसिद्ध डेटा आहे: 19 ते 48 वयाची 30 माणसं, कमरेला फोन, सेकंदाला 50 नोंदी, आणि 2.56 सेकंदांचा एकेक तुकडा. म्हणजे तुकड्यात 128 नोंदी. अॅक्सेलरोमीटर आणि गायरोस्कोप यांच्या तीन-तीन दिशा धरल्या तर एकूण 768 आकडे. या डेटावर बसणं आणि उभं राहणं यांची गल्लत सतत होते, आणि तिचं कारण साधं आहे. स्थिर माणसाच्या सेन्सरला जाणवतं ते फक्त गुरुत्वाकर्षण. खुर्चीत ताठ बसलं काय नि उभं राहिलं काय, कंबरेपाशी त्याची दिशा जवळपास तीच. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? इथे थर वाढवून उपयोग नव्हता. सेन्सर मांडीवर बांधला असता तर हाच प्रश्न पोरखेळ ठरला असता.

मग 2021 मध्ये जर्मनीतल्या झीगन विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच डीपकॉन्व्हएलएसटीएममधला एक एलएसटीएम थर काढून पाहिला. पाच डेटासंचांवर ते तपासलं, तर निकाल सुधारले. मी ते पुन्हापुन्हा वाचलं.

हलकं करण्याच्या युक्त्याही वाटल्या होत्या त्यापेक्षा सुंदर निघाल्या. पाच नोंदींवरून फिरणारा, 64 वाहिन्या घेऊन 64 देणारा साधा कन्व्होल्यूशनचा थर घ्या: 5 गुणिले 64 गुणिले 64, म्हणजे 20,480 वजनं, नेटवर्कने शिकायचे आकडे. तेच काम दोन पायऱ्यांत तोडलं, आधी प्रत्येक वाहिनी स्वतंत्र चाळायची आणि मग त्यांची सांगड घालायची, तर 320 अधिक 4,096, म्हणजे 4,416. वर प्रत्येक वजन 32 बिटांऐवजी 8 बिटांत ठेवलं की लागणारी जागा आणखी चौथाईवर येते. आमच्या प्रयोगशाळेतल्या आर्डुइनो नॅनो 33 बीएलई सेन्स या बोर्डवर 256 किलोबाइट रॅम आहे. असं नेटवर्क तिथे ऐसपैस राहतं.

तरीही माझं मन खरं वळलं ते घरी. आम्ही केलेलं, छोट्या नेटवर्कवर चालणारं आणि पडणं ओळखणारं यंत्र आईच्या मनगटावर होतं. ती कोबी चिरायला विळी घेऊन जमिनीवर बसली. गुडघे धरलेले, त्यामुळे भिंतीला हात लावून ती अर्धी खाली येते आणि शेवटचं वीतभर अंग सोडून देते. यंत्राने सांगितलं: पडली. तेच आकडे मी मोठ्या नेटवर्कला दिले. त्यानेही पडली असंच सांगितलं, आणि जास्त खात्रीने. साहजिकच आहे. पडण्याचा डेटा जमवताना म्हाताऱ्या माणसांना पाडता येत नाही. तरुण मुलं गादीवर पडून दाखवतात. बसणं म्हणजे खुर्चीत बसणं. मांडी घालणं, उकिडवं बसणं, पाटावरून उठणं त्यात सहसा नसतं.

आईचं बसणं-उठणं थोडा वेळ नोंदवून मी छोट्या नेटवर्कचा फक्त शेवटचा थर नव्याने शिकवला. पुढे ती विळीवर बसली की यंत्र गप्प राहू लागलं. एवढ्याशा नोंदींवर मोठं नेटवर्क सगळंच्या सगळं शिकवायला घेतलं तर ते त्या नोंदी पाठ करून मोकळं होतं.

शिवाय तिचे आकडे घराबाहेर गेले नाहीत. सेकंदाला 50 नोंदी, सहा वाहिन्या, प्रत्येकी दोन बाइट धरले तर दिवसाला जवळपास 52 मेगाबाइट होतात. ते रेडिओवरून सतत पाठवण्यात बॅटरी जाते हे खरं, पण मला त्याहून मोठं वाटतं ते वेगळंच. ती रात्री कितीदा उठली, पाय कधीपासून ओढू लागली, दिवसभर किती वेळ पडून होती, हे सगळं त्या आकड्यांत आहे. ते कोणाच्या तरी सर्व्हरवर का जावं? चिपवरच ओळख पटली की उरतो एक शब्द, आणि तोही कुणाला सांगायचा हे तिने ठरवावं.

मोठ्या नेटवर्कला जागाच नाही, असं मी म्हणत नाही. यूके बायोबँकसाठी 2013 ते 2015 मध्ये लाखाहून जास्त लोकांनी आठवडाभर मनगटावर सेन्सर घातला. तसल्या साठ्यातून माणसाच्या हालचालींची सर्वसाधारण घडण शिकायची तर मोठंच हवं. पण त्याची जागा संशोधकाच्या टेबलावर आहे. आईच्या मनगटावर नाही.

सध्या माझे विद्यार्थी भांगलण करणाऱ्या बायकांच्या हालचाली नोंदवताहेत. किती वेळ वाकून, किती वेळ उकिडवं, विसावा किती, हे त्या बायकांनाच दिसावं म्हणून. उजव्या हातात खुरपं असतं म्हणून यंत्र डाव्या मनगटावर बांधलं, तर काकणं त्यावर आपटून सगळ्या आलेखात सुया उमटल्या. मुलं म्हणतात दंडावर बांधू. बायका म्हणतात कमरेला खोचू, म्हणजे कामात मध्ये येणार नाही. भांगलताना धड पुढे झुकतं, त्यामुळे कमरेवरच्या सेन्सरला इथे दिशेतला फरक कळायला हवा. मी बायकांच्या बाजूने आहे.