होडीचं इरलं

चिपळूणहून एसटीनं गुहागरला निघालात की वाटेत शृंगारतळी लागते, मग मोडकाआगर, आणि थोड्या वेळात नारळी-पोफळींच्या गर्दीत गाडी शिरते. गुहागर म्हणजे एक लांबच लांब रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना घरं. पश्चिमेकडच्या घराच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की वाडी, आणि वाडी संपली की पुळण. पुढे समुद्र!

पाहुणे इथे दिवाळीत नाहीतर मे महिन्यात येतात. व्याडेश्वराचं आणि दुर्गादेवीचं दर्शन घेतात, वाळूत किल्ले बांधतात आणि जातात. मी म्हणेन, एकदा जुलैत या. समुद्रात पाऊल टाकायचं नाही हं, तो तेव्हा खवळलेला असतो. पण दक्षिणेला असगोलीच्या बाजूला गेलात तर झोपलेल्या होड्या पाहायला मिळतील.

गुहागरचा किनारा सरळसोट आणि उघडा. होडीला आडोसा देईल असं वळण त्याला नाही. म्हणून मोठ्या यांत्रिक नौका उत्तरेला वाशिष्ठीच्या मुखाशी, वेलदूरकडे आसरा घेतात. अलीकडे १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस त्यांना मासेमारीची बंदी असते. लहान होड्या मात्र माणसंच वर ओढतात. खाली लाकडाचे ओंडके, दोन्ही बाजूंना दहा-बारा जण, आणि 'हैसा' म्हणत ढकलायचं. उधाणाचं पाणी जिथवर पोचतं, त्याच्याही वर सुरूच्या झाडांपर्यंत. मग होडी 'शाकारतात'. घर शाकारतात ना, तोच शब्द!

आधी तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, होडी धुऊन वाळवायची, मग तिला तेल चोळायचं. तारलीचं किंवा मोरीच्या यकृताचं तेल, नाहीतर काजूच्या टरफलाचं. (काजूचं तेल अंगावर उततं, हे कोकणातल्या मुलांना सांगायला नको.) त्यानंतर वर काठ्यांची मांडव-चौकट आणि त्यावर झाप. नारळाची झावळ भिजवून, मधोमध चिरून, पाती एकाआड एक गुंफली की झाप तयार. वाऱ्यानं उडू नये म्हणून वरून जुनं जाळं टाकून दगड बांधतात. झालं होडीचं इरलं!

आमच्या वर्गातल्या एका मुलानं मला विचारलं, "बाई, होडी तर वर्षभर पाण्यातच असते. मग पावसाला का भ्यायचं?" प्रश्न फार चांगला आहे. लाकूड कुजवते ती बुरशी, आणि बुरशीला मीठ सोसत नाही. समुद्राच्या पाण्यात लाकूड पोखरणारे जीव असतात, पण कुजणं कमी. पावसाचं पाणी गोडं. ते फटीत साचून राहिलं की लाकूड आतून मऊ पडतं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे तुमच्या बाबांच्या उंचीपेक्षा कितीतरी जास्त! उलट कडक ऊन लागलं तर लाकूड आक्रसतं, फळ्यांमधल्या फटी उघडतात. होडीला दोन्ही शत्रू.

आता झापाऐवजी निळं प्लास्टिक जिकडेतिकडे दिसतं. झाप विणायला वेळ आणि हात लागतात, म्हणून कुणाला नावं ठेवायला नकोत. पण प्लास्टिक होडीला घट्ट चिकटून बसलं की आतली वाफ आतच राहते. झापातून वारा खेळतो. प्लास्टिक वापरायचंच तर काठ्यांवर उंच धरून, दोन्ही टोकं उघडी ठेवून वापरावं.

या होड्यांच्या जोडीला कोकणात हल्ली एक नवी पाहुणी आली आहे. पर्यटकांना वल्हवायला देतात ती रंगीत कयाक! ती प्लास्टिकची, कुजायची भीती नाही. मग तिला कशाला जपायचं? गच्चीवर दोन उन्हाळे राहिलेली बादली आठवा. उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लास्टिक ठिसूळ होतं. आणि तापलेलं प्लास्टिक मऊ पडतं. अशी कयाक एखाद्या दगडावर टेकवून ठेवली तर तिच्या तळाला खळगा पडतो आणि ती पाण्यात सरळ जाईना होते.

गंमत म्हणजे कयाक मुळात प्लास्टिकची नव्हतीच. उत्तर ध्रुवाजवळचे इन्युइट लोक ती लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून बनवत. काम झालं की ती उंच दगडी खांबांवर ठेवत. का, ओळखा पाहू? त्यांच्या गाडीचे कुत्रे कातडं खाऊन टाकत! आणि कातड्याला चोळत सीलची चरबी. कुठे ते बर्फ आणि कुठे असगोली, पण तेल चोळायचं दोघांनाही सुचलं.

कयाकसाठी बाजारातून महागडे स्टँड आणायची गरज नाही. गोणपाटाच्या दोन पिशव्यांत नारळाची सोडणं दाबून भरा आणि तोंडं सुंभानं शिवा. झाल्या उश्या. कयाक पालथी घालून तिच्या लांबीचे चार भाग कल्पा आणि दोन्ही टोकांकडून एकेक भाग सोडून उश्या ठेवा. उशी रुंद हवी. दप्तराला पट्ट्याऐवजी सुतळी लावली तर खांदा कसा कापतो? तसंच हे. वर सावली हवी. एखादा जुना झापही चालेल.

टेम्पोतून न्यायची असेल तर याच उश्या खाली घालायच्या. दोर जिथे घासेल तिथे सायकलची जुनी ट्यूब कापून गुंडाळायची. दोर घट्ट हवा, पण कयाक चेपेल इतका नव्हे. पुढचं आणि मागचं टोक वेगळं बांधायचं, आणि टेम्पोबाहेर टोक आलं तर त्याला लाल फडकं. हे बांधणं मोठ्या माणसांकडूनच करून घ्या.

बांधण्याचं महत्त्व इथल्या लोकांना नीट ठाऊक आहे. १६ मे २०२१ च्या सुमारास तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा मासेमारीचा हंगाम संपलाही नव्हता. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं होतं. अशा वेळी शाकारणीला सवड कुठून मिळणार? होडी गेली की घराचा सगळा हंगाम जातो. म्हणून शाकारलेली होडी दिसली तर लांबूनच पाहा. तिच्यावर चढून घसरगुंडी करायची नाही, ओंडक्याची पाचर काढायची नाही. आणि खाली वाकून हात घालू नका, तिथे एखादं जनावरही कोरड्या जागेला आलेलं असतं!

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला जातो. झाप उतरतात, होड्या पुन्हा ओंडक्यांवरून खाली येतात. कुजके झाप आणि उश्यांतली जुनी सोडणं मग बंबात जातात, अंघोळीचं पाणी तापवायला.