दूध अर्धा लिटर

२०१६ च्या जून महिन्यात नांदेडच्या आमच्या भाड्याच्या खोलीत सात माणसं चटईवर बसली होती आणि आमच्या घरात दूध किती लागतं यावर चर्चा चालली होती.

सातही जणांचे पप्पांकडे पैसे अडकले होते. मिळून अकरा लाख. पप्पांचं बी-बियाणं, खतांचं दुकान होतं. आमच्याकडे हा धंदा उधारीवर चालतो. शेतकरी मृगाच्या तोंडावर बियाणं नेतो, सोयाबीन विकलं की पैसे आणून देतो. दुकानदारही माल उधारीवरच उचलतो, कमी पडलं तर ओळखीच्या माणसांकडून हातउसने घेतो. २०१४ ला पाऊस गेला, २०१५ ला पुन्हा गेला. पप्पा वसुलीला एका गावात गेले आणि त्या घरातल्या लेकराच्या हातावर पन्नास रुपये ठेवून परत आले. आई त्यावरून अजून बोलते.

दुकान बंद झालं, घर विकलं, बँकेचं मिटलं. हे सात राहिले.

त्याआधी पप्पा मला घेऊन एका वकिलाकडे गेले होते. मी तेव्हा बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला होतो आणि मला वाटायचं की दिवाळखोरी म्हणजे अर्ज करायचा, शिक्का मारून घ्यायचा, संपलं. वकील म्हणाले, कायदा आहे, १९२० चा. मुंबईसाठी १९०९ चा वेगळा, बाकी जिल्ह्यांसाठी हा. पाचशे रुपयांच्या वर देणं असेल तरी जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो. पाचशे! त्यात एक कलम असंही आहे की नादार माणसाच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या पोटापाण्यासाठी त्याच्याच मालमत्तेतून कोर्ट योग्य वाटेल तेवढा भत्ता देऊ शकतं. योग्य म्हणजे किती, ते लिहिलेलं नाही. पप्पांनी विचारलं, "कुणी करतं का असा अर्ज?" वकील हसले. "करून पुन्हा याच मोंढ्यात तोंड दाखवायचंय ना तुम्हाला?"

त्याच वर्षी मे महिन्यात दिवाळखोरीचा नवा कायदा आला, पेपरात पहिल्या पानावर होता. पण त्यातला साध्या माणसांचा भाग लागूच झाला नाही. २०१९ च्या डिसेंबरात झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांसाठी. किराणावाला, खतवाला, रिक्षावाला अजून १९२० मध्येच आहेत.

वकिलांनी मग पप्पांना धीर देण्यासाठी जप्तीत काय नेता येत नाही ते सांगितलं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६०. अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. कारागिराची हत्यारं. शेतकऱ्याची अवजारं, बैल, बियाणं. आणि धर्माच्या रीतीप्रमाणे बाईला अंगावेगळा करता येत नाही असा दागिना, म्हणजे मंगळसूत्र. मला ही यादी ऐकून बरं वाटलं होतं. कुणीतरी कधीतरी एका घराकडे नीट बघून ती लिहिली असणार. फक्त आमचं मंगळसूत्र एप्रिलमध्येच गहाण पडलं होतं. कोर्टापासून ते वाचवायला कायदा आहे. आपणच कागदावर सही करून, पंधरा मिनिटांत ते काउंटरवर ठेवलं तर त्याला कोण काय करणार!

ते पैसे धाकटीच्या क्लासला गेले होते. लातूरला.

बाहेरच्यांना हे समजावून सांगावं लागतं. मराठवाड्यात दहावीला बरे मार्क पडले की पुढचा शब्द लातूर. त्या एप्रिलमध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं, मिरजेहून रेल्वेच्या वॅगनमधून येत होतं, आणि तरीही लोक मुलांच्या सीट पक्क्या करत होते. आम्हीही केली. धाकटीला डॉक्टर व्हायचं होतं. अकरा लाख देणं असलेल्या घराने हे करावं का, हा प्रश्न घरात कुणी मोठ्याने विचारला नाही. तो चटईवर विचारला गेला.

सगळ्यांना एकत्र बसवून हिशेब दाखवा, असा सल्ला वकिलांचाच. आईची वही मधे ठेवली. जमा: पप्पा एका आडतीवर मुनीम म्हणून लागले होते, नऊ हजार. आईचं शिवणकाम तीन हजार. मी मोबाइलच्या दुकानात संध्याकाळी बसायचो, तीन हजार. एकूण पंधरा. खर्च: भाडं ३५००, किराणा ३८००, दूध ७००, गॅस ६००, लाइट ५००, पेट्रोल ६००, धाकटीची खोली आणि मेस ४५००, तिचं महिन्यातून एकदा येणं-जाणं ३००. उरतात पाचशे. मी मनात भागाकार केला. एकशे त्र्याऐंशी वर्षं.

मग एकेक ओळ सुरू झाली. पेट्रोल कशाला, आडत चालत पंधरा मिनिटांवर आहे. कापलं. किराण्यात तेल जास्त वाटतंय. कापलं. एकजण म्हणाले, दूध अर्धा लिटर कशाला, पाव लिटरमध्ये चहा होतो. आई दारात उभी होती. म्हणाली, "भाऊजी, आत्ता तुम्ही सात जण पिऊलालात ते त्याच अर्ध्या लिटरचं आहे." कुणी हसलं नाही. पण दूध राहिलं.

नंतर क्लास. ज्यांचे सगळ्यात जास्त अडकले होते ते काका बराच वेळ गप्प होते. म्हणाले, "पोरीच्या क्लासला पैसे आहेत, आमचेच नाहीत का?"

मला तेव्हा त्यांचा राग आला होता. आता तेवढा येत नाही. त्यांच्याही घरी त्या वर्षी नातीचं लग्न पुढे ढकललं होतं, आमच्यामुळे. आणि प्रश्न खोटा नव्हता. अमेरिकेत मध्यम उत्पन्नाच्या वर कमावणारा दिवाळखोरीचा अर्ज करतो, तेव्हा त्याच्या जेवणा-कपड्याचा खर्च त्याला वाटेल तो धरत नाहीत, कर खात्याच्या तक्त्यातून घेतात. आपल्याकडेही जामीनदारांच्या नव्या नियमांत परतफेडीच्या योजनेत कुटुंबाच्या वाजवी खर्चाचं किमान बजेट मांडावं लागतं. वाजवी हा शब्द तिथेही आहे. तो ठरवायला निदान एक तिऱ्हाईत माणूस असतो. आमच्याकडे चटई होती, आणि ज्यांचे पैसे बुडत होते तेच मोजत होते.

पप्पा बोललेच नाहीत. शेवटी एका किराणावाल्या काकांनी तोडगा काढला. क्लासची फी भरलीच आहे, ती काही परत येत नाही. मेस राहू द्या. पण दर महिन्याला यायचं कशाला? दिवाळीला येईल की. ३०० कापले. महिन्याला दोन हजार ठरले, पाळीपाळीने एकेकाला. कागद केला नाही. पप्पांनी ते पाळलं, पगार वाढला तसं वाढवत नेलं. मीही नोकरीला लागल्यावर भर घातली. आज दोघांचं बाकी आहे.

धाकटीला एमबीबीएस मिळालं नाही. बी.एस्सी. नर्सिंग केलं, पुण्यात असते. काकांचं लातूरबद्दलचं मत बरोबर होतं की चूक, हे त्यावरून ठरवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. ठरत नाही.

मागच्या दिवाळीत माळा आवरताना त्या वह्या सापडल्या. पाळी ठरली होती म्हणून सातांपैकी कुणीही कधीही वही बघायला मागू शकत होता, आणि दोन-तीनदा मागितलीही होती. म्हणून आई फार नीट लिहायची. २०१६ चा जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. पेट्रोल नाही. तेल कमी. आणि प्रत्येक महिन्यात एक ओळ: औषध ३००.

मी विचारलं, तेव्हा कुणाला काय झालं होतं गं?

"कुणाला काय होतंय," ती म्हणाली. "एस.टी.चं तिकीट आहे ते. लेकरू सोळा वर्षांचं होतं."