श्रीमंतांची वसाहत झाली लोकांची बाग

स्पेन देशातील बार्सिलोना शहरी गेलेला प्रवासी सहसा पार्क गुएल पाहिल्याशिवाय परतत नाही. आम्हीही टेकडी चढून गेलो. चढ दमवणारा, पण वर पोहोचताच सारे शहर आणि त्यापलीकडचा भूमध्य समुद्र एका नजरेत येतो.

आज येथे बाग असली, तरी मूळ बेत बागेचा नव्हता. एउसेबी गुएल हे बडे कापड गिरणीमालक. त्यांना येथे धनिकांसाठी कुंपणबंद वसाहत उभारायची होती. १९०० साली वास्तुशिल्पी अंतोनी गौदी यांनी काम हाती घेतले. सभोवार भिंत, दारात पहारेकऱ्याचे घर आणि आत सुमारे ६० भूखंड. पण जागा शहरापासून दूर, वाहनाची सोय नाही, अटी जाचक. गिऱ्हाईक फिरकेना. १९१४ मध्ये काम थांबले, तेव्हा विक्रीच्या भूखंडांवर दोनच घरे उभी होती. १९१८ मध्ये गुएल वारले. १९२२ साली नगरपालिकेने ही जागा विकत घेतली आणि १९२६ मध्ये ती सर्वांना खुली झाली.

येथील नागमोडी बाक आम्ही बराच वेळ पाहत राहिलो. फुटक्या फरशा व चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे जोडून तो सजवला आहे. हे रंगकाम गौदींचे सहकारी जुजोल यांचे. टाकाऊ म्हणून फेकायचे, त्याचेच येथे सोने झाले!

बाक ज्या पटांगणाभोवती आहे, त्याखाली ८६ खांबांचा मंडप आहे. वसाहतीचा बाजार तेथे भरायचा होता. पटांगणावर पडलेला पाऊस मातीतून गाळला जातो, खांबांतील नळ्यांतून खालच्या टाक्यात उतरतो. टाक्यात सुमारे १२ लाख लिटर पाणी मावते. पाण्यासाठी रांग लावणाऱ्या आपल्या माताभगिनींना या युक्तीचे मोल सांगायला नको.

२०१३ पासून मुख्य भागाला तिकीट आहे. गर्दीमुळे ते आधीच काढून ठेवावे. आसपासच्या रहिवाशांना मात्र प्रवेश मोफत आहे.

आणखी एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी. गुएलशेठ ज्या वाड्यात राहत, तेथे आज शाळा भरते. मूठभरांसाठी बांधलेल्या भिंतीआड आता सामान्यांची लेकरे शिकतात, खेळतात. आम्हाला त्या टेकडीवरचे हेच दृश्य सर्वांत सुंदर वाटले.