सावित्रीकाठच्या तबकड्या

महाबळेश्वरी उगम पावून सह्याद्रीचा पश्चिम उतार घाईघाईने उतरणारी सावित्री पोलादपूरपाशी थोडी सपाटीस लागते आणि पुढे महाडास गांधारीला पोटात घेऊन संथ होते. या टापूत येणारा प्रवासी बहुधा रायगडासाठी येतो. सवड असल्यास शिवथरची घळ पाहतो, उमरठला तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीस वंदन करतो, चवदार तळ्याच्या काठी उभा राहून २० मार्च १९२७ चा दिवस आठवतो आणि परततो. हे सारे पाहण्याजोगे आहेच. परंतु गेल्या मार्गशीर्षात आम्ही या बाजूस गेलो ते गडकोट पाहण्यासाठी नव्हे. घरोघरच्या माळ्यांवर पडून असलेल्या जुन्या ध्वनिमुद्रिका पाहण्यासाठी. शाळेची नोकरी संपल्यापासून आम्हांस हा छंद जडला आहे, आणि त्यापायी आडवाटेची गावे हिंडण्यात आम्हांस श्रम वाटत नाहीत.

पोलादपुरास कवींद्र परमानंदाची समाधी आहे. त्याचे ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य काशीच्या पंडितांनी विचारावे आणि कवीने सांगावे, अशा संवादरूपाने रचलेले आहे. एकतीस अध्याय पूर्ण आणि बत्तिसावा अपुरा, असा तो ग्रंथ आपल्या हाती आला. त्यातील अक्षर न् अक्षर आज वाचता येते. पण सांगणाराचा स्वर कसा होता, श्लोक तो कोणत्या चालीवर म्हणत असे, हे सांगावयास कोणी उरलेले नाही. शिवथरच्या घळीचेही तेच. दासबोधाची रचना तेथे झाली, अशी श्रद्धा आहे. ओव्या आहेत, परंतु त्या प्रथम उच्चारणारा कंठ लोपला. लेखणीस शब्द धरता येतो, स्वर धरता येत नाही.

ती उणीव आपल्याकडे भरून निघण्यास १९०२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आले आणि त्यांनी गोहरजानचे गाणे मुद्रित केले. त्या काळी तबकड्या छापल्या जात त्या जर्मनीत, हॅनोव्हर शहरी. तेथील कारागिरांस गाणारे कोण हे कळावे, म्हणून गायिका गाणे संपताच स्वतःचे नाव मोठ्याने सांगून टाकीत. मौज अशी की, तबकडी ज्या लाखेची होत असे ती लाख आपल्याच देशातील झाडांवरची! लाख, दगडाची पूड आणि काजळी यांच्या मिश्रणाची ही तबकडी मिनिटास ७८ फेरे घेई आणि एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे गाई. ज्यांनी रात्र रात्र राग आळवावा, त्यांनी तेवढ्यात सर्व आटोपावयाचे. तरीही जे उरले ते थोडके नव्हे. किर्लोस्कर मंडळीचे भाऊराव कोल्हटकर १९०१ साली निवर्तले. अवघ्या एका वर्षाने त्यांचा कंठ आपणांस अंतरला. केशवराव भोसले १९२१ साली एकतिसाव्या वर्षी गेले, पण त्यांच्या ध्वनिमुद्रिका राहिल्या, म्हणून त्यांची तान आजही ऐकू येते.

आता महाडची हकीकत. २२ जुलै १९२१ नव्हे, अगदी अलीकडची, २२ जुलै २०२१ ची ती रात्र या तालुक्यातील कोणी विसरणार नाही. त्याच दिवशी तळीये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली आणि महाडच्या बाजारपेठेत पुरुषभर उंचीहून अधिक पाणी चढले. जेथे माणसांचा असा घात झाला, तेथे तबकड्यांची कथा काय सांगावी? म्हणून आम्हीही त्या विषयी कोणास आपण होऊन विचारले नाही. परंतु आमचे एक जुने स्नेही बाजारपेठेनजीक राहतात, त्यांनीच एक पत्र्याची पेटी पुढे ठेवली. पुराच्या चिखलातून निघालेल्या अकरा तबकड्या तीत होत्या. लाखेस पाण्याचे विशेष भय नसते. चिखल धुऊन काढताच चरे स्वच्छ दिसू लागले होते. मात्र मधल्या कागदावरचे गायकाचे, पदाचे, नाटकाचे नाव पार पुसून गेले होते. स्वर शाबूत, नाव वाहून गेलेले.

त्यांतील एक तबकडी आम्ही चावीच्या यंत्रावर चढविली. सुई टेकून दोन ओळी होतात न होतात तोच आतल्या खोलीतून स्नेह्यांच्या मातोश्री काठी टेकीत बाहेर आल्या. वय ऐंशीच्या पुढे. त्या म्हणाल्या, “अहो मास्तर, हे तर दीनानाथ! आमच्या वडिलांकडे ही होती.” सर्व घर गोळा झाले. गाणे संपल्यावर त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या नातवाने विचारले, “आणि आजी, तबला कोण वाजवतंय गं?” त्यावर आजी गप्प झाल्या, आणि आम्हीही.

तबकडीच्या मध्यावरील कागदाभोवती एक अंक कोरलेला असतो; तो पाण्याने जात नाही. तो टिपून आम्ही मुंबईच्या एका संग्राहकांस कळविला. उत्तर आले की, गळा मास्तर दीनानाथांचाच. तबलजीचे नाव मात्र त्यांच्या सूचीतही नव्हते. असे का, याचे उत्तर सोपे आहे. त्या काळी तबकडीवर गाणाराचे नाव छापीत. साथीदारांचे नाव छापण्याची बहुधा चाल नव्हती. गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान तिरखवांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी होती, हे आपण जाणत्यांच्या आठवणींवरून सांगतो, तबकडीवरून नव्हे. थोरांची ही स्थिती, तर लहानांची काय? आणि ज्यांचे गाणे कंपनीस विक्रीयोग्य वाटले नाही, त्यांचा तर सूरही राहिला नाही. गावोगावचे भजनी बुवा, जात्यावर गाणाऱ्या बायका, चवदार तळ्याच्या लढ्यानंतर खेडोपाडी हिंडलेले आंबेडकरी जलसेकार, यांचे गाणे बहुतांशी हवेतच विरले.

महाडाहून सायंकाळी आम्ही पोलादपुरास पोहोचलो. अंतर थोडे, डाव्या हातास सह्याद्रीच्या रांगा सोबत करतात. तेथे ज्या घरी उतरलो, तेथे व्हिनाइलच्या नव्या जातीची एक मोठी तबकडी निघाली. या जातीची तबकडी मिनिटास सुमारे ३३ फेरे घेते आणि एका बाजूस वीस मिनिटे सहज गाते. राज्याभिषेकास तीनशे वर्षे झाली त्या निमित्ताने १९७४ साली निघालेली ती ‘शिवकल्याण राजा’ होती. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे, गायन लताबाईंचे, निवेदन बाबासाहेब पुरंदऱ्यांचे. सकाळी महाडास पित्याचा गळा ऐकला होता, तिन्हीसांजेस पोलादपुरास कन्येचा ऐकला. दीनानाथ १९४२ साली गेले, लताबाई २०२२ साली. मध्ये ऐंशी वर्षांचे अंतर, आणि आमच्या लेखी ते एका दिवसाचे ठरले! त्याच तबकडीत समर्थांची रचना लागली. शिवथरचे खोरे तेथून डोंगराआड, आणि ज्या शब्दांस कंठ नाही असे आम्ही म्हणत होतो, त्यांस तीनशे वर्षांनी कंठ लाभलेला. यंत्र थांबल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही.

मुंबईस १९९० साली ध्वनिमुद्रिका संग्राहकांची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था निघाली. ऑस्ट्रेलियातील मायकेल किनियर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातील भारतीय मुद्रणांची सूची १९९४ साली प्रसिद्ध केली. अशा परिश्रमांमुळेच अंकावरून नाव सापडते. परंतु सूचीत जे नाही, ते घरातच आहे. म्हणून वाचकांस आमची विनंती अशी की, माळ्यावर तबकड्या असतील तर त्या रद्दीवाल्यास देऊ नयेत. आडव्या रचू नयेत, उभ्या ठेवाव्यात. लाखेची तबकडी साध्या पाण्याने पुसावी. तिला स्पिरिट लावू नये, कारण लाख त्यात विरघळते. लाखेच्या तबकडीची जाड सुई व्हिनाइलवर कधीही टेकवू नये. आणि ज्या घरी वडील मंडळी आहेत, तेथे त्यांच्याजवळ बसून एकेक तबकडी लावावी, हा गळा कोणाचा, पेटीवर कोण, तबल्यावर कोण, ती घरात केव्हा व कोणी आणली, हे विचारून वहीत अंकासह लिहून ठेवावे. तेवढी वही मात्र पुराचे पाणी चढणार नाही अशा जागी ठेवावी.