ऐकणारीं माणसें

लढाईच्या कथा आपल्याकडे पुष्कळ सांगितल्या जातात, आणि त्या ऐकावयास कोणास आवडत नाहींत? पावनखिंडीची कथा आम्हीं लहानपणीं इतक्या वेळां ऐकली आहे कीं, बाजीप्रभूंच्या अंगावरच्या जखमा जणूं आम्हीं स्वतः मोजल्या होत्या. पण त्याच कथेंत आणखी एक मनुष्य आहे, आणि त्याची आठवण कोणी काढीत नाहीं. १६६० सालीं महाराज विशाळगडावर सुखरूप पोंचले, त्याची खूण म्हणून गडावरून तोफांचे बार झाले, असें परंपरा सांगते. तोफेला बत्ती देणारा तो कोण होता? खिंडींत रक्तानें न्हालेले वीर ज्या एका आवाजासाठीं जीव धरून होते, तो आवाज त्यानें त्यांच्या कानापर्यंत पोंचविला आणि तो आपल्या जागीं जाऊन बसला. पोवाड्यांत त्याला जागा नाहीं.

सैन्याचे निरोप पोंचविणाऱ्यांचें पुढेंहि असेंच होत आलें आहे. आमच्या सातारा जिल्ह्यांत पलटणींतून निवृत्त झालेलीं माणसें गांवोगांवीं आहेत. त्यांत कांहीं सिग्नल्सचीं आहेत. पारावर चार पेन्शनर बसले असले तर त्यांतला सिग्नल्सचा कोणता, हें दुरून ओळखतां येतें. बाकीचे बोलत असतात, आणि तो मान किंचित् एका बाजूस कलवून ऐकत असतो. अशा कांहीं जणांशीं आमचा अनेक वर्षें स्नेह होता. त्यांतले बहुतेक आतां नाहींत. त्यांच्याविषयीं दुसरें कोणी लिहील असें दिसत नाहीं, म्हणून हे चार शब्द.

हिंदुस्थानच्या सैन्यांत हें दल स्वतंत्रपणें उभें राहिलें तें १५ फेब्रुवारी १९११ रोजीं, गंगेकांठीं फत्तेगड येथें, दोन कंपन्यांच्या रूपानें. त्यापूर्वीं तारायंत्राचें व खुणांचें काम मुख्यतः सॅपर्स अँड मायनर्स लोकांकडे असे. पुढें जबलपूर हें दलाचें माहेरघर झालें आणि वरचें शिक्षण महूस मिळूं लागलें. तेंच महू, जेथें १८९१ सालीं एका मराठी सुभेदाराच्या घरीं डॉ. आंबेडकर जन्मले. साधनें मात्र पिढीगणिक बदलत गेलीं. १८६९ सालीं कराचीस हेन्री मॅन्स यांनीं आरशावर सूर्य घेऊन एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर अक्षरें फेंकण्याची युक्ति काढली. हा हेलिओग्राफ वायव्य सरहद्दीवर फार उपयोगी पडला. मग निशाणें, टेलिफोनची तार, मोटारसायकलवरून लखोटे नेणारे स्वार, बिनतारी संच, टेलिप्रिंटर. प्रजासत्ताकदिनीं दिल्लीस मोटारसायकलींवर मनोरे रचणारे या दलाचे जवान पाहून आपण टाळ्या वाजवितों; त्या कसरतीच्या मागें निरोप्या स्वाराचा जुना धंदा आहे, हें थोड्यांच्याच ध्यानांत येतें. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ सालीं स्थापन झालेल्या स्त्रियांच्या सहायक दलांतील मुलींनींहि लष्करी एक्स्चेंजवर कानाला यंत्र लावून रात्री काढल्या. त्यांची आठवण तर त्यांच्या नातवंडांनाहि क्वचितच असेल.

पण या माणसांचा खरा धंदा कानाचा. मोर्सच्या लिपींत इंग्रजी ‘ई’ म्हणजे एक टिंब आणि ‘टी’ म्हणजे एक रेघ, एवढें आम्हांसहि ठाऊक आहे. टिंबें आणि रेघा मोजीत बसणारा कधीं ऑपरेटर होत नाहीं, असें आमचे एक वृद्ध स्नेही सांगत. प्रत्येक अक्षराचा एक ठेका असतो, आणि तो तबल्याच्या बोलासारखा अंगांत मुरावा लागतो. शेंकडों मैलांवरून कोण ठोकतो आहे, हें त्याच्या हातावरून त्यांना ओळखूं येई. ज्याचा चेहरा जन्मांत पाहिला नाहीं अशा माणसाला आज बरें नाहीं, हेंहि त्यांना कळे. १५ फेब्रुवारीस हे लोक दरवर्षीं एकत्र जमत. एखादा म्हातारा चमच्यानें बशीवर कांहीं ठोकी, आणि समोरचे दोघे-तिघे एकदम हंसत. काय झालें म्हणून आम्हीं विचारिलें तर उत्तर मिळे, ‘कांहीं नाहीं, सेक्रेटरींचं भाषण लांबलं, एवढंच.’

कानावर जें येई तें पुष्कळदां सांकेतिक असे. पांच-पांच अक्षरांचे गट. घेणाऱ्याला त्यांचा अर्थ कळत नसे, व कळावा अशी अपेक्षाहि नसे. अर्थ काढणारे निराळे बसत. या दलाचें ब्रीद ‘तीव्र चौकस’ असें आहे. हिंदींत चौकस म्हणजे सावध. मराठींत मात्र जो दहा प्रश्न विचारतो तो चौकस. आमच्या मराठी पेन्शनरांना या ब्रीदाचें नेहमीं हंसूं येई, कारण नोकरीभर त्यांना जें शिकविलें तें याच्या अगदीं उलट.

अशा माणसाच्या आयुष्याची कथा करावी कशी? एका सत्कारसमारंभांत चालकांनीं एका वृद्ध सिग्नलमनला भरसभेंत विचारिलें, ‘आपण किती शत्रू मारले?’ ते म्हणाले, ‘एकहि नाहीं,’ आणि सभेचा रसच गेला. तोफगोळ्यांनीं तुटलेली तार रात्रीं अंधारांत चांचपडत जोडणें, दुसऱ्या महायुद्धाच्या काळचे जड संच घेऊन १९६२ सालीं हिमालयांत जाणें, आणि जेथून मघांपर्यंत उत्तर येत होतें तेथून तें येईनासें झाल्यावरहि तासन् तास हांक मारीत राहणें, याला सभेंत टाळी मिळत नाहीं.

आमच्या शेजारच्या सुभेदारसाहेबांची एक गोष्ट येथें सांगतों. ते हयात असते तर सांगितली नसती. काकींनीं परवानगी दिली आहे.

१९६५ च्या सप्टेंबरांत ते हवालदार असून अंबाल्यास सिग्नल सेंटरांत होते. एके रात्रीं युद्धांत पडलेल्यांचीं व जखमींचीं नांवें येत होतीं, तीं ते उतरून घेत होते. त्यांत एक नांव आमच्याच आळींतलें आलें. आईचा एकुलता एक. सुभेदारसाहेबांच्या दारांत गोट्या खेळलेला पोर. नांव, क्रमांक, पलटण, तिन्ही जुळत होतीं. तोंवर पुढचें नांव येऊं लागलें होतें, तें त्यांनीं उतरलें. मग त्याच्या पुढचें. यादी पुरी झाली, पोंच दिली, कागद पुढें गेला. त्या आठवड्याचें घरचें पत्र त्यांनीं नेहमींप्रमाणें लिहिलें: इकडे सर्व क्षेम, तिकडील कळवावें.

त्या मुलाच्या आईला वाचतां येत नव्हतें. सुभेदारांचें पत्र आलें कीं ती येऊन उंबऱ्याशीं बसे. आपल्या मुलाचा त्यांत उल्लेख नसला तरी तो त्याच दिशेनें आलेला कागद, म्हणून ऐके. तें ‘सर्व क्षेम’ काकींनीं तिला दोनदां वाचून दाखविलें. तार त्यानंतर चार दिवसांनीं आली.

हिंवाळ्यांत सुभेदारसाहेब रजेवर आले आणि प्रथम तिच्या घरीं गेले. तिनें एवढेंच विचारिलें, ‘तुला आधी ठावं हुतं व्हय रं?’ त्यांना खोटें बोलतां आलें नाहीं. ‘व्हय मावशी,’ ते म्हणाले. तिनें चहा करून पाजला. पुढें ती पुष्कळ वर्षें जगली, दर दिवाळीला त्यांच्या मुलांना करंज्या पाठवीत राहिली. पण पत्र ऐकावयास त्या उंबऱ्याशीं पुन्हां कधीं बसली नाहीं.

काकींचा राग निराळा. ‘त्यांनी आपला कायदा पाळला, पण त्या माउलीला खोटं वाचून दाखवलं ते मी, माझ्या तोंडानं,’ असें त्या आजहि म्हणतात. आम्हीं यावर पुष्कळ विचार केला आहे. दुःखाची वार्ता एखाद्याच्या घरीं कोणत्या वाटेनें जावी याला नियम असतो, आणि तो कांहीं निर्दयपणानें केलेला नसतो. क्रमांकांत एका अंकाची चूक झाली, तर जिवंत माणसाच्या घरीं आकांत व्हावयाचा. सुभेदारसाहेबांनीं केलें तें योग्यच केलें, असें आमचें मत आहे. तें मत आम्हीं काकींच्या समोर अद्याप बोलून दाखविलेलें नाहीं.

जुलै २०१३ मध्यें देशांतील तारसेवा बंद झाली, तेव्हां वर्तमानपत्रांतून बरीच हळहळ छापून आली. सुभेदारसाहेबांची प्रतिक्रिया ऐकावी म्हणून आम्ही मुद्दाम गेलों. ते म्हणाले, ‘बरं झालं. तार आली म्हटलं की बायका फोडायच्या आधीच रडायला लागायच्या.’ आणि त्यांनीं विषय बदलला.

त्यांच्या मागें पेटींत निघालें तें थोडेंच: पदकें, पंखवाल्या मर्क्युरीची आकृति असलेला टोपीवरचा बिल्ला, आणि जबलपूरच्या शिक्षणाच्या काळांतली एक वही. वहींत पानेंच्या पानें पेन्सिलीनें लिहिलेलीं पांच-पांच इंग्रजी अक्षरें. नातू पुण्यास इंजिनियर आहे. तीं अक्षरें संगणकांत घालून त्यांचा अर्थ लावण्याचा खटाटोप त्यानें चालविला आहे. शिकाऊ मुलांना देतात तीं अक्षरें मुद्दामच निरर्थक असतात, असें सुभेदारसाहेबांनीं एकदां आम्हांस सांगितलें होतें. अर्थ लागूं लागला कीं हात कानाच्या पुढें धांवतो. हें आम्हीं नातवाला सांगितलें. ‘असू दे,’ तो म्हणाला, आणि पुढच्या पानावरचीं अक्षरें उतरून घेऊं लागला.